क्रमांक साठची विश्रांती

प्रबंधाची कच्ची प्रत परत आली तेव्हा तिने ती मागच्या बाजूने चाळायला घेतली. प्रश्नपत्रिका हातात पडली की आधी शेवटचा प्रश्न बघायचा, ही तिची शाळेपासूनची खोड. शेवटी परिशिष्ट होतं, परिशिष्टात साठ बायकांचा तक्ता होता, आणि तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीशेजारी सरांनी हिरव्या शाईत, मुंग्या ओळीने जाव्यात तशा अक्षरात लिहिलं होतं : ‘क्र. ६०. विश्रांती १२० मिनिटे? बाई सुखी दिसतात. पुन्हा भेटून खात्री करून घ्या.’ ती डिपार्टमेंटच्या जिन्यात बसली होती. शेजारी सरासरी बसला होता. वर्गात दर परीक्षेत बरोबर मधला नंबर यायचा म्हणून त्याला पहिल्या वर्षापासून सगळे सरासरी म्हणत, आणि आता त्याची आईसुद्धा फोनवर चुकून तसंच म्हणते असं तो सांगायचा. त्याच्या स्वतःच्या प्रतीवर सरांनी इतकं हिरवं केलं होतं की तो म्हणाला, “माझी तर बागच झालीय. तुझ्यावर काय लिहिलंय?” ती म्हणाली, “साठ नंबरला परत भेटायला सांगितलंय.” “मग भेट की. त्यात काय एवढं? लांब राहतात का त्या बाई?” तिने प्रत मिटली. “हो,” ती म्हणाली, “लांब राहतात.” तो बरं म्हणाला आणि आपल्या बागेत परत गेला. जिन्यातून खाली उतरणाऱ्या मुलींच्या चपलांचे आवाज येत होते, कुठल्याशा वर्गात कुणी बाक सरकवत होतं, आणि तिच्या कानात मात्र ‘बाई सुखी दिसतात’ एवढंच, सरांच्या कोरड्या आवाजात, पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. क्रमांक साठ ही तिची आई होती, आणि आईला जाऊन साडेचार महिने झाले होते.

हा पाच वर्षांचा एकसलग अभ्यासक्रम होता. शाळा संपली की आत शिरायचं आणि अर्थशास्त्राची मोठी पदवी घेऊनच बाहेर यायचं. आत्याला हे कधीच उमगलं नाही. “म्हणजे पाच वर्षं एकाच वर्गात? दर वर्षी नापास होते की काय ही?” असं तिने पहिल्या वर्षी विचारलं होतं, आणि आईने हात पुसत पुसत उत्तर दिलं होतं, “अहो वन्सं, एका तिकिटात दोन पदव्या आहेत. मध्ये उतरायचं नाही एवढंच.” मध्ये उतरता येत होतं खरं म्हणजे. तीन वर्षं झाली की एक फॉर्म भरून धाकटी पदवी घ्यायची आणि निघायचं. चोवीसांतले अकरा जण तसे निघाले. तिनेही फॉर्म आणला होता. गणित जड जात होतं, आणि ज्या माणसांची ती वक्ररेषा काढायची ती माणसं तिला कुठे भेटत नव्हती. आईने तो फॉर्म वाचला. आई काहीही छापील असलं की सगळं वाचायची, औषधाच्या बाटलीवरचं, पिशवीवरचं. वाचून म्हणाली, “पाच मजल्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून परत फिरतेस होय? गच्ची तरी बघून ये.” “गच्चीवर काय असतं गं? टाक्या असतात.” “मग टाक्या बघून ये.” फॉर्म भरला गेला नाही. कुणी विचारलं असतं की तू अर्थशास्त्रात का राहिलीस, तर पाण्याच्या टाक्या बघायला, हेच खरं उत्तर होतं. पण कुठल्याही मुलाखतीत तिने ते दिलं नाही.

अभ्यासातलं काही घरी बोललं की आई ते उचलायची आणि आपल्या पद्धतीने वापरायची. ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ हे तर तिला फारच आवडलं होतं. बाबा म्हणाले की मी आज लवकर येतो, तर आई म्हणायची, “इतर परिस्थिती कायम राहिल्यास,” आणि मग लेकीकडे बघून, “कुठे राहते गं ती कायम? तुमच्या पुस्तकातल्या लोकांची राहते का?” पहिल्या वर्षीच्या पुस्तकात दिवसाचे दोनच भाग होते. एक काम, म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते. आणि उरलेली सगळी फुरसत. त्या आकृतीत दोनच अक्ष, मधून एक रेघ. चौथ्या वर्षी सर आले आणि म्हणाले, या आकृतीप्रमाणे मूल आजारी म्हणून रात्रभर जागणारी बाई फुरसतीत आहे, घरातलं माणूस गेल्यावर भिंतीला टेकून बसलेली बाईही फुरसतीत आहे. वर्ग हसला. तीही हसली. मग तिने विषय निवडला : घरी राहणाऱ्या बायकांचा दिवस. साठ बायका, प्रत्येकीचा एक दिवस, पहाटेपासून झोपेपर्यंत तासातासाने, आणि प्रत्येक कामाला एक कोड. सर म्हणाले, उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत, स्वतः दारोदार जायचं. आणि एक नियम त्यांनी फळ्यावर लिहूनच दिला. घरचं माणूस नमुन्यात घ्यायचं नाही. “घरचं माणूस तुम्हाला खरं सांगत नाही,” ते म्हणाले, “तुम्हाला बरं वाटेल ते सांगतं.”

तिने एकोणसाठ बायका केल्या, अगदी प्रामाणिकपणे. आठव्या सेमिस्टरची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत, उन्हातान्हात, जिने चढून. कुणी तिला औषधविक्रेती समजलं, कुणी दाराच्या फटीतून ‘नको’ म्हणून दार लावलं, एकीने आपल्या सासूबद्दल दीड तास सांगितलं आणि शेवटी म्हणाली, हे काही लिहू नका हं. साठाव्या बाईच्या दाराला मात्र तीन वेळा कुलूप होतं. सोमवारी सगळे आकडे भरून द्यायचे होते. शनिवारी दुपारी ती घरी आली, चपला काढल्या, आई ओटा पुसत होती, आणि इथे ती चूक झाली. शिकलेल्या माणसाचीच चूक. न शिकलेल्याला मुळात आईला फॉर्मवर घ्यायचं सुचलंच नसतं. तिने पॅड काढलं, खुर्चीवर नीट बसली आणि आवाज बदलून विचारलं, “तुमचं वय काय?” आई वळली. “तुमचं? अगबाई, मी ‘तुम्ही’ कधीपासून झाले?” “आई, नियम आहे. सगळ्यांना एकसारखंच विचारायचं.” “बरं, विचारा मास्तरीणबाई. पण आधी पाणी देते. दारात आलेल्या माणसाला बाकीच्यांनी पाणी तरी विचारलं का?” “काहींनी.” “काहींनीच?” असं म्हणून आईने खरोखरच पेला पुढे केला, आणि मग प्रत्येक तासाचं उत्तर अशा थाटात दिलं की जणू कुणी तिची साक्ष घेतंय. भांड्यांचा तास आला तेव्हा म्हणाली, “चार वर्षं शिकून तू मला विचारणार की मी भांडी किती वेळ घासते? इथे शेजारी उभी राहिली असतीस तर फुकटात कळलं असतं.” दोघी हसल्या. बारा ते एक लिहून झालं, एक ते दोन लिहून झालं. “दोन ते चार?”

इथे ती जिन्यात बसल्या बसल्या थांबली, जशी गेले कित्येक आठवडे थांबत होती. आईचा हात ओट्यावर थांबला होता का? आता तिला वाटतं, थांबला होता. पण ते आत्ताचं वाटणं आहे. त्या वेळी तिची नजर कागदावर होती, आणि कागदाला हात दिसत नाही. “पडते जरा,” आई म्हणाली. “पडते म्हणजे? झोप की विश्रांती? दोन्हीचे कोड वेगळे आहेत.” “कायकाय आहे तुझ्याकडे?” तिने कोडची यादी वाचली. आठ झोप, नऊ विश्रांती, दहा करमणूक, अकरा शेजारीपाजारी. अकरावर पान संपत होतं. पुढचे कोड मागच्या बाजूला होते, बारा प्रवास, तेरा वाट पाहणं, चौदा आजारपण. पण एकोणसाठ बायकांत दुपारच्या वेळी कुणालाच त्यांची गरज पडली नव्हती, तिचे हात भरून आले होते, आणि पान उलटायचं म्हणजे पॅडचा चाप काढावा लागला असता. तिने पान उलटलं नाही. आई म्हणाली, “मग नऊ लिही. बाकीच्या जणींना क्षणाची उसंत नाही म्हणतेस ना? एक तरी बाई आरामात पडलेली दिसू दे तुझ्या पुस्तकात.” तिने नऊ लिहिलं. एकशे वीस मिनिटं. बाकीच्यांत सगळ्यात जास्त होती ती सत्तर, आणि ती बाई निदान घसरून पडून पाय मोडून घेतलेली होती.

पुढचं सगळं भराभर झालं. चार महिन्यांनी आई कपडे वाळत घालता घालता खाली बसली. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, दुखणं किती दिवसांचं? आई म्हणाली, “असेल महिनाभर.” “दुपारचं पडून राहावं लागतं का?” “छे हो, मला कुठला वेळ?” ती तिथेच पडद्याशी उभी होती. तिच्याकडे चार महिन्यांपूर्वीचा तारीख घातलेला, अनुक्रमांक टाकलेला कागद होता, ज्यावर दोन ते चार स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि जगात तो पुरावा दुसऱ्या कुणापाशी नव्हता. ती बोलली नाही. बाईंनी लिहिलं : एक महिना. दोन कागदांवर आईने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि दोन्ही वेळा लिहिणारीने मान खाली घालून लिहून घेतलं. बाईंची निदान ती आई नव्हती. त्यानंतर सहा आठवडे. तेवढ्यात नववं सेमिस्टर अर्धं झालं होतं. हजेरीत सूट मिळाली, सरासरीने नोट्स दिल्या, सरांनी ‘घाई करू नका’ एवढंच दोन ओळींचं पत्र पाठवलं. घाई तिने केली नाही. ती सगळं सावकाश, नीट करत राहिली. आणि आता शेवटचं, दहावं सेमिस्टर, प्रबंध द्यायला तीन आठवडे, आणि साठाव्या बाईला पुन्हा भेटून खात्री करून घ्यायची होती.

संगणकांच्या लॅबमध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. तिने तक्ता उघडला, शेवटच्या ओळीवर गेली आणि नऊच्या जागी चौदा टाकलं. काहीच झालं नाही. म्हणजे आवाज वगैरे झाला नाही. वर कोपऱ्यात साठ जणींची सरासरी विश्रांती होती ती एकोणचाळीस मिनिटं बावीस सेकंदांवरून सदतीस मिनिटं बावीस सेकंदांवर आली. बरोबर दोन मिनिटं. आता सरांची शंका उरत नव्हती. एका बाईची एवढी विश्रांती कशी, हा प्रश्नच मिटला. ती बाई आजारी होती. खरंही होतं. म्हणजे खरं असणारच होतं. ती कुणाला फसवत नव्हती, उलट जे त्या शनिवारी करायला हवं होतं ते आज करत होती, पान उलटत होती. मग तिचं बोट का अडलं होतं? तिने त्या चौदाकडे बराच वेळ बघितलं. आई म्हणाली होती नऊ. आईच्या तोंडचं काढून घेऊन ती तिच्या तोंडात आपलं घालत होती, आणि वर स्वतःची सुटकाही करून घेत होती : बघा, मी नोंद घेतली होती. तिने तक्ता मिटला. बदल ठेवायचा का, असं यंत्राने विचारलं, तर तिने ‘नाही’वर बोट ठेवलं आणि उठली.

घरी बाबा आधीच आले होते. चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, हातातून चमचा निसटायचा. आता स्वयंपाक तेच करू लागल्यापासून दिवसातून दहा वेळा निसटायचा. त्यांनी एकेक डबा उघडून नाकाशी धरला, परत ठेवला. “हिने कशावर काही लिहून ठेवलं नाही बघ. वाचायची सगळं, लिहायची काही नाही.” ती दाराशीच उभी राहिली. “बाबा, आई दुपारी काय करायची?” “दुपारी? मी दुकानात.” “सुट्टीच्या दिवशी? तुम्ही घरी असायचा तेव्हा?” बाबांनी हातातला डबा खाली ठेवला. “पडायची की. दोन वाजले की आतल्या खोलीत. पाय भिंतीला लावून, असे वर. तू तिसरी-चौथीत असशील तेव्हापासून. मला म्हणायची, आता चारपर्यंत मी मेले असं समजा.” चमचा पडला नाही, काही पडलं नाही. बाबाच म्हणाले, “गमतीत म्हणायची ती.” “हो, बाबा.” “मी समजायचो. म्हणजे हाक मारायचो नाही.” नळ थेंबथेंब गळत होता, त्यांनी तो उगीचच घट्ट केला. “शेवटी शेवटी दार लावून घ्यायची. मला वाटलं, पंख्याचा आवाज बाहेर नको म्हणून. तू का विचारतेस?” “अभ्यासासाठी,” ती म्हणाली, आणि हे इतकं खरं होतं की तिला तिथे उभं राहवेना.

म्हणजे ती विश्रांतीही होती. वर्षानुवर्षं होती. शाळेतून ती साडेचारला यायची तेव्हा आईचा चेहरा धुतलेला आणि ताजा असायचा, आणि तिला वाटायचं की आया अशाच असतात. आईने आपल्यासाठी रोजचे दोन तास कुठून तरी कापून काढले होते, नवऱ्याला दम देऊन, लेकीला पत्ता न लागू देता. शहाणी बाई. आणि मग कधीतरी, एका दुपारी, त्याच चादरीवर, त्याच भिंतीला पाय लावून ती पडली आणि ते पडणं आरामाचं राहिलं नाही. कुठल्या दुपारी? त्या शनिवारच्या आधी की नंतर? आईला तरी समजलं असेल का? की पुष्कळ दिवस तिने दुखण्यालाच आराम म्हटलं, सवयीने, दार लावून? पाच वर्षं ती शिकली होती की जिथे रेषेची दिशा बदलते तो बिंदू काढता येतो, त्यासाठी रीत असते, ती रीत तिला पाठ होती. इथे एक दिवस आणि एक ओळ होती. एका बिंदूवरून काही काढता येत नाही, हेही तिने पहिल्याच वर्षी लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा ते खिडकीशी उभे राहून कुणाची तरी प्रत हिरवी करत होते. “या. साठ नंबर भेटल्या?” तिने मूळ फॉर्म टेबलावर ठेवला. “सर, मी नियम मोडलाय. साठ नंबर माझी आई आहे.” सर फॉर्मवर वाकले. मग चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. “ते शेजारी मी जे लिहिलं,” ते म्हणाले, “ते गमतीत लिहिलं होतं.” “हो सर. तिनेही गमतीतच सांगितलं होतं.” सर बसले. तिलाही बसा म्हणाले. तिने सगळं सांगितलं, पान उलटलं नव्हतं तेसुद्धा. दवाखान्यात गप्प राहिली तेसुद्धा, जे प्रबंधाशी संबंधित नव्हतं. शेवटी म्हणाली, “चौदा करू का? बहुतेक चौदाच असेल.” “तुम्हाला माहीत आहे?” “नाही.” “मग नाही करायचं.” ते हळू बोलले. “त्यांनी नऊ सांगितलं. खोटं असेल तर ते त्यांचं खोटं आहे. आपल्याला नंतर जे कळतं ते त्यांच्या तोंडी घालायचं नाही.” “मग नऊच ठेवू?” “तेही नाही. ओळ काढून टाका. नियम का आहे, ते तुम्हाला कळलंय आता, मला नव्याने सांगायला नको.” मग ते म्हणाले, “पद्धतीच्या प्रकरणात लिहावं लागेल, एक उत्तरदाती जवळच्या नात्यातली होती म्हणून वगळली. बाहेरचे परीक्षक सोडणार नाहीत. मार्क जातील.” “जाऊ देत, सर.” “एकोणसाठवर भागेल. जगात काही साठच बायका नाहीत.” बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते कसंसं वाटलं असावं, कारण त्यांनी फॉर्म दोन्ही हातांनी उचलून, कडा जुळवून तिला परत दिला आणि म्हणाले, “हा कागद तुम्ही घरी न्या. वगळलेले फॉर्म इथे ठेवतात खरं तर. न्या.”

लॅबमध्ये आता चार-पाच जण होते, सरासरी कोपऱ्यात टाइप करत होता. तिने तक्ता उघडला. शेवटची ओळ निवडली की ती निळी होते. वय, घरात माणसं तीन, स्वयंपाक, भांडी, कपडे, दोन ते चार, सगळं एकदम निळं झालं. तिने ओळ काढून टाकली. खालची कोरी ओळ एक पायरी वर सरकली, आणि कोपऱ्यातला आकडा बदलला : अडतीस मिनिटं बरोबर. आधी एकोणचाळीस मिनिटं बावीस सेकंद होती. म्हणजे इतके दिवस त्या एकोणसाठ जणींच्या, सासूबद्दल सांगणारीच्या, दार लावून घेणारीच्या, पाय मोडलेलीच्या वाट्याला आईच्या दोन तासांतलं एक मिनिट बावीस सेकंद येत होतं, त्यांना न विचारता, आणि आता ते परत गेलं. कुठे गेलं? कुणाकडे? “झालं का गं?” कोपऱ्यातून सरासरीने विचारलं. “झालं.” “बाई भेटल्या?” ती पडद्याकडे वळली. पडद्यावर घड्याळ होतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि एक मिनिट बावीस सेकंद नुसती बसून राहिली, काही न लिहिता, काही न मोजता. आणि तेवढ्यात कुणी पॅड घेऊन समोर आलं असतं आणि या वेळात तुम्ही काय करत होता असं विचारलं असतं, तर नऊ सांगायचं की चौदा, तिला सांगता आलं नसतं.